पहिल्या कोचातलं मार्गदर्शन

मार्गदर्शन हा शब्द कानावर पडला की मला ओळीने मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतात, त्यांत पेंगणारी दहावी-बारावीची पोरं दिसतात आणि समोर माईकवर बोटाने टकटक करणारा एक निवृत्त अधिकारी दिसतो. दिल्लीत निवृत्त अधिकाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. नोकरीत असताना माणूस फायलीवर 'कृपया चर्चा करावी' यापलीकडे शब्द लिहीत नाही, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला तरुण पिढीला सांगण्यासारखं भरभरून सुचायला लागतं. मी अजून निवृत्त व्हायचा आहे, पण रोगाची लागण मला आधीच झाली आहे. आमच्या घरी मी जेवताना मार्गदर्शन करतो. बायको नेमकी त्याच वेळी मला चिवट भाकरी वाढते, असा माझा संशय आहे.

आम्ही फरीदाबादला एका सोसायटीत राहतो. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणजे कशात, हे मलाही नीट सांगता येत नाही. इथल्या मराठी कुटुंबांचं एक मंडळ आहे. गणपती, कोजागरी, हळदीकुंकू आणि आपसातली भांडणं एवढं ते नियमाने साजरं करतं. मंडळाचे अध्यक्ष एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. अजूनही कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी ते 'नोंद घेतली' अशा चेहऱ्याने बघतात.

तर अध्यक्षांनी कुठेतरी ऐकलं की हायस्कुलातली मुलं आईबापांचं ऐकत नाहीत, शिक्षकांचं ऐकत नाहीत, पण आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठ्या मुलांचं ऐकतात. हे कळायला त्यांना मंत्रालयात उभं आयुष्य काढावं लागलं. कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात घटकाभर बसलं असतं तरी कळलं असतं. पण त्यांनी त्याची योजना केली. 'ताई-दादा योजना.' मंडळातली कॉलेजात जाणारी मुलं निवडायची आणि एकेका अकरावी-बारावीच्या मुलाला एकेक ताई किंवा दादा नेमून द्यायचा. नेमून द्यायचा! जसा शिपाई नेमून देतात.

निवड करायला अध्यक्ष आणि मी बसलो. ताई-दादा कोण हे ठरवणार दोन काका. एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याचे केस. आम्ही मुलांना एकेक करून आत बोलावलं, मार्क विचारले, छंद विचारले आणि 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता' असंही विचारलं. हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मी प्रामाणिकपणे 'त्याच खुर्चीत' असं उत्तर दिलं असतं.

आमच्या सोसायटीच्या बी टॉवरमधली एक मुलगीही आली होती. माझ्या मुलीहून एकच वर्षाने मोठी. आली ती घरातल्या रबरी चपला घालून, तोंडात च्युइंगगम, आणि आल्या आल्या मला म्हणाली, "नमस्ते अंकल." मराठी घरातली मुलगी, मराठी मंडळाच्या कामाला आलेली, आणि अंकल! माझं मत तिथेच झालं.

अध्यक्षांनी विचारलं, "कुठे असतेस तू आता?"

तिने दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजचं नाव सांगितलं.

"विषय?"

"जो मिळाला तो."

"पाहिजे होता तो नाही मिळाला?"

"नाही मिळाला. लँग्वेजच्या पेपरमध्ये गेले ना मार्क."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी अध्यक्षांकडे बघितलं. कोणत्या भाषेचा पेपर, का गेले मार्क, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. आम्हाला कारण ठाऊकच होतं. मोबाईल. ती खोलीबाहेर पडल्यावर अध्यक्ष म्हणाले, "जिला स्वतःला वाट सापडली नाही, ती दुसऱ्याला काय दाखवणार?" मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते रात्री जेवताना घरी वापरलं. बायको म्हणाली, "मग तुम्ही कसे काय दाखवता?" मी भाकरी चावत राहिलो.

माझ्या मुलीच्या वाट्याला एक दादा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मोठ्या नावाची संस्था, अध्यक्षांच्या शब्दांत 'रत्न'. रत्न एका रविवारी लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आलं. त्याने सोफ्यावर बसून पडद्यावर रंगीत गोल दाखवले. पहाटे चारला उठावं, गार पाण्याने तोंड धुवावं, रोजच्या रोज स्वतःचं मूल्यमापन करावं. माझी मुलगी आर्ट्सला. तिला इतिहास घ्यायचा होता. सगळे गोल दाखवून झाल्यावर तो तिला म्हणाला, "बट फर्स्ट, फिजिक्स स्ट्राँग करो." पोहे खाऊन रत्न निघून गेलं. मुलगी दार लावून आली आणि म्हणाली, "बाबा, यार, हा तुमच्यासारखाच आहे. फक्त केस जास्त आहेत."

आता इतिहासाचं सांगतो, कारण सगळं त्यावर अडलेलं होतं.

उत्तर दिल्लीत एक कॉलेज आहे. शाळेच्या कुठल्याशा वादविवाद स्पर्धेसाठी माझी मुलगी तिथे गेली होती, आणि तेव्हापासून तिला दुसरं काही दिसेना. लाल विटांची इमारत, हिरवळीवर बसून भांडणारी मुलं, इतिहासाची एक बाई जिने हिला परीक्षकाच्या खुर्चीतून म्हणे एक उलट प्रश्न विचारला आणि हिला रात्रभर झोप लागली नाही. मी तिला अभ्यासासाठी कधी रात्रभर जागं राहिलेलं पाहिलेलं नाही. त्यामुळे हे काहीतरी खरं असावं एवढं मलाही उमगलं होतं. तिथे नाही मिळालं तर हरियाणातल्या एखाद्या खासगी विद्यापीठात जावं लागणार होतं, जिथे मोहरीच्या शेतात काचेची इमारत उभी असते आणि प्रवेश मागितला नाही तरी मिळतो.

आमच्या काळी बारावीचे मार्क पाहून प्रवेश मिळायचा. आता तसं नाही. आता एक सामायिक प्रवेश परीक्षा असते. त्यात आपले विषय घ्यायचे आणि सोबत एका भाषेचा पेपर द्यायचा. सगळ्यांची बेरीज होऊन यादी लागते. भाषा कोणती घ्यायची ते आपण ठरवायचं. इंग्रजी आहे, हिंदी आहे, आणि मराठीसुद्धा आहे.

मराठीसुद्धा आहे हे कळल्यापासून अध्यक्षांना चैन नव्हतं. मंडळाच्या प्रत्येक मुलाने मराठीच घ्यायची, असा त्यांचा ध्यास. त्यांचं गणित असं: दिल्लीत इंग्रजी घेणारी पोरं ढिगाने, मराठी घेणारी हाताच्या बोटांवर, म्हणजे स्पर्धाच नाही. शिवाय मातृभाषा, म्हणजे अभ्यासच नाही. स्पर्धा नाही आणि अभ्यास नाही, अशी परीक्षा जगात कुठे सापडणार? यादी सगळ्यांची मिळून एकच लागते, मराठीवाल्यांची वेगळी पंगत बसत नाही, हा साधा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. माझ्याही आला नाही. मी तर छाती फुगवून अर्जात मराठीवर बोट ठेवलं. आमच्या घरी मराठी बोलतात. पोरगी देवनागरी झरझर वाचते, शाळेत हिंदी झालेलं आहे. मग अडचण काय?

अडचण काय ती मला रोज ऐकू येत होती, पण कानाला सवय झाली की कान ऐकत नाहीत. आमची मुलगी "बाबा, मी नहाऊन येते" म्हणते. "आई, मला तुझ्यावर गुस्सा आलाय" म्हणते. तिचं मराठी म्हणजे स्वयंपाकघर, पंखा बंद कर, उशीर झाला, आणि नागपूरच्या आत्याशी फोनवर "हो, हो, जेवले." त्यापलीकडच्या मराठीशी तिचा संबंध पाहुण्यांइतका. मी मात्र तिच्याकडे बघून चारचौघांत सांगायचो, "घरात आम्ही मराठी टिकवलंय बरं का." काय टिकवलं होतं? लोणच्याची बरणी टिकवावी तसं, झाकण न उघडता.

थंडी सरत आली होती. मुलीला शाळेची अभ्यासाची सुट्टी लागली आणि ती लाजपतनगरला एका क्लासला जायला लागली. सकाळी आम्ही बाटा चौकातून एकत्र मेट्रो धरायचो. ती लाजपतनगरला उतरायची, मी पुढे ऑफिसला. दिल्ली मेट्रोचा पहिला कोच बायकांचा असतो, त्यामुळे ती त्यात, मी त्याला लागून असलेल्या दुसऱ्यात. दोन कोच आतून जोडलेले असतात, मध्ये दार नसतं. आपण जोडावर उभं राहिलं की समोर बायकांचं राज्य स्वच्छ दिसतं. बसायला जागा, हसणं, पर्समधून निघणारे शेंगदाणे. आणि आपल्या बाजूला एकमेकांच्या काखेत नाक खुपसून उभे राहिलेले आम्ही.

एके दिवशी मला दिसलं की माझ्या मुलीशेजारी बी टॉवरवाली बसलेली आहे. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दोघींनी एकच इअरफोन वाटून घेतलेला. मी नाकारलेली ताई, सरकारी शिक्क्याशिवाय, बिनदिक्कत कामावर रुजू झालेली! आणि बोलणं कुणाचं चाललेलं? तिचंच. हात हलवत काहीतरी सांगत होती, आणि माझी मुलगी, जी माझ्यासमोर दोन वाक्यं ऐकून घेत नाही, तोंड उघडं टाकून ऐकत होती.

मी जोडावर सरकलो. थोडा आणखी सरकलो. कान लावला. "लास्ट इयर" एवढं ऐकू आलं, आणि "मैं तो पागल हो गई थी" एवढं. मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं असावं. एका बाईने आपली पर्स माझ्या पोटात रोवली.

"भाईसाहब, पढ़े-लिखे लगते हो. ऊपर लिखा है, दिखता नहीं?"

"मेरी बेटी है अंदर," मी म्हटलं.

"सबकी बेटियाँ हैं अंदर. पीछे हटिए."

सगळा कोच माझ्याकडे बघायला लागला. माझी मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली, जणू बदरपूरचा कारखाना तिने जन्मात प्रथमच पाहिला. बी टॉवरवालीने मात्र हात वर करून मला "नमस्ते अंकल" केलं. एवढ्या माणसांत. मी मागे हटलो आणि लाजपतनगर येईपर्यंत एका गृहस्थाच्या बॅगेवरचं लेबल वाचत राहिलो.

त्या आठवड्याच्या शेवटी मुलीने जेवताना जाहीर केलं, "बाबा, मी मराठी नाही घेणार. करेक्शनची विंडो उघडलीये. बदलून इंग्लिश करायचंय."

मी घास खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"दीदीने."

"दीदी नव्हे, ताई. आणि त्या ताईला स्वतःला काय जमलं?"

"नाही जमलं, म्हणूनच तर तिला माहितीये ना!" मुलगी म्हणाली. "तिने पण मराठी घेतलं होतं. तिच्या बाबांनी घ्यायला लावलं. मंडळाने तिचा सत्कार पण केला होता, परीक्षेच्या आधी. तुम्ही नारळ दिला होता तिला."

मला नारळ आठवत नव्हता. मी वर्षभरात इतके नारळ देतो. पण तिचे मार्क भाषेच्या पेपरात गेले होते हे आम्ही दोघा काकांनी आमच्या कानांनी ऐकलं होतं, आणि भाषा कोणती हे विचारायची आम्हाला गरज वाटली नव्हती.

"बोलव तिला," मी म्हटलं. "माझ्यासमोर सांगू दे."

ती आली. रबरी चपला दाराशी सोडून अनवाणी सोफ्यावर मांडी घालून बसली आणि बायकोने पुढे ठेवलेली चकली खायला लागली. मी माझा ऑफिसातला आवाज काढला, जो ऑफिसात चालत नाही.

"तू हिला मराठी सोड म्हणालीस?"

"नाही अंकल. मी म्हटलं, एक पुराना पेपर घे, टाइमर लाव आणि सोडवून बघ. मी नव्हतं बघितलं. मला वाटलं, मराठी तर घरीच बोलतो ना. मग तिथे बसले, पॅसेज उघडला, आणि अंकल, खरं सांगते, मला पहिलं वाक्य तीनदा वाचावं लागलं. अक्षरं सगळी येतात, पण मतलबच लागेना. शेजारच्या मुली खटाखट क्लिक करतायत. तेव्हा मला रडू यायला लागलं, आणि मग तर स्क्रीनच दिसेना."

हे सगळं ती चकली खात सांगत होती. जणू दुसऱ्याच कुणाचं वर्ष गेलं.

"आणि हिने सोडवला?" मी मुलीकडे बघितलं.

"बाबा, 'पाचवीला पुजलेले' म्हणजे काय?" मुलीने विचारलं. "मी 'पाचवीच्या वर्गात केलेली पूजा'वर टिक केलं."

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी गंभीर राहिलो. म्हटलं, हे काय, एवढं सोपं! इकडे आणा तो पेपर, मी दाखवतो. कशी वेळ साधायची असते ते बघा. मंडळाच्या दिवाळी अंकात माझा लेख दरवर्षी येतो, याची मी त्या बी टॉवरवालीला आठवण करून दिली. ती म्हणाली, "अच्छा?" आणि टाइमर लावला.

पहिला उतारा नदीकाठच्या एका गावावर होता. उत्तम गद्य. मी दुसऱ्याच वाक्याला थांबलो, कारण ते मोठ्याने वाचण्यासारखं होतं. वाचून दाखवलं. मग त्यातल्या एका स्वल्पविरामाबद्दल माझं थोडं वेगळं मत होतं, ते सांगितलं. मग पुढच्या प्रश्नातले दोन पर्याय मला दोन्ही बरोबर वाटले, म्हणून प्रश्न काढणाऱ्याच्या शिक्षणाविषयी बोललो. आताच्या पोरांना असलं वाचायला मिळत नाही, मी म्हटलं, आमच्या शाळेत गुरुजी उतारा वाचताना...

"टाइम अप, अंकल," बी टॉवरवाली म्हणाली.

मी अजून त्या नदीवरच होतो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "जे तुम्हाला आवडतं ते तुम्हाला सोडवता येत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे." यात नेमकं काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही.

मी हरलो असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या वयाचा माणूस हरत नसतो, तो 'विचार करू' म्हणतो. मी म्हटलं, विचार करू. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अडचण वेगळीच होती. मराठी घेणाऱ्या मुलांची यादी अध्यक्षांनी करून ठेवली होती, त्यात माझ्या मुलीचं नाव सर्वांत वर होतं, आणि येत्या शनिवारी कोपर्निकस मार्गावर एका जुन्या इमारतीतल्या खोलीत मंडळाची बैठक होऊन ती यादी वाचली जाणार होती. बाहेरून आलेले दोन-तीन पाहुणेही असणार होते. आपलं पोर यादीतून गळलं असं सांगायची मला लाज वाटत होती. पोरीची जागा एका पारड्यात आणि माझी त्या खोलीतली खुर्ची दुसऱ्या पारड्यात, आणि काटा हलत होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

अर्जातली दुरुस्तीही नेमकी त्याच शनिवारी संध्याकाळी बंद होणार होती. आणि त्या अर्जात काहीही बदलायचं म्हटलं की ओटीपी यायचा माझ्या फोनवर. पालक म्हणून माझा नंबर मीच भरला होता. ऐटीत.

शनिवारी निघताना मुलगी दाराशी उभी राहिली. "बाबा, आज शेवटचा दिवस आहे."

"आल्यावर बघू."

"तुम्ही येईपर्यंत बंद होणार."

"फोन कर," मी म्हटलं, आणि मेट्रोत फोन सायलेंटवर टाकला. मग बदरपूरला तो पुन्हा सुरू केला. लाजपतनगरच्या पुढे पुन्हा बंद केला. मंडी हाउसला उतरताना मी तो पुन्हा चालू केला. यामागे काही विचार होता असं मी म्हणणार नाही. बोटांनी परस्पर काय ते केलं.

बैठक रंगात आली होती. अध्यक्ष यादी वाचायला उभे राहिले. "राजधानीत आपल्या मुलांनी मायमराठीचा झेंडा..." असं त्यांनी सुरू केलं, पहिलं नाव माझ्या मुलीचं घेतलं, टाळ्या पडल्या, मी अर्धवट उठून नमस्कार केला. आणि खिशात फोन वाजला. त्याच्या पाठोपाठ ओटीपीचा निरोप.

मी निरोपावर नजर टाकली, फोन कानाला लावला आणि तोंडावर हात धरला.

"बाबा, ओटीपी आला?"

"मीटिंगमध्ये आहे."

"बाबा, प्लीज." तिचा आवाज चिरकला. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्यावर यायचा तसा. आणि मागून दुसरा आवाज आला, च्युइंगगम चघळत: "अंकल, जल्दी, एक्स्पायर होईल."

माझ्या मनाने काय ठरवलं ते मला माझ्याच तोंडून कळलं. पण चारचौघांत, पाहुण्यांसमोर, मंडळाच्या खोलीत मी आकडे कसे सांगणार? अर्थात मराठीत. जोड्या पाडून, ठसठशीत.

"त्रेसष्ट," मी म्हटलं. "सत्तेचाळीस. अठ्ठ्याऐंशी."

पलीकडून "हं?" मग कुजबुज. मग मुलगी म्हणाली, "काय? बाबा, इंग्लिशमध्ये सांगा ना."

"त्रेसष्ट," मी पुन्हा म्हटलं. लहान मुलाला घास भरवावा तसं.

"त्रे म्हणजे किती? दीदी, त्रे म्हणजे? तिला पण नाही माहीत, बाबा!"

सगळी खोली ऐकत होती. अध्यक्ष यादीचा कागद हातात धरून माझ्याकडे बघत होते. मायमराठीचा झेंडा तसाच अर्धवट वर गेलेला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "सिक्स थ्री. फोर सेव्हन. एट एट." मोठ्याने, अगदी बँकेतल्या कारकुनाला सांगावं तसं.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

"काही गंभीर?" अध्यक्षांनी विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे: "नाही, बँकेतून फोन होता."

मग जे झालं तसं मार्गदर्शन माझ्या आयुष्यात मला कधी मिळालेलं नाही. सगळी खोली एका दमात उठली. "बँकेला ओटीपी दिलात?" "अहो, बँक ओटीपी मागतच नाही!" एक पाहुणे म्हणाले, त्यांच्या साडूंचं असंच झालं. एकजण माझा फोन हातात घेऊन तो विमानाच्या चित्रावर टाकायला लागले, म्हणजे पैसे उडणार नाहीत असं त्यांचं शास्त्र. अध्यक्षांनी यादी बाजूला ठेवून ओटीपी म्हणजे काय, तो कुणाला सांगावा, कुणाला सांगू नये, सुशिक्षित माणसं कशी फसतात यावर उभ्याने भाषण केलं. मी मान डोलावत ऐकलं. यादीचं वाचन त्या गडबडीत राहून गेलं ते गेलंच. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की फोनमधून खोलीभर ऐकू येईल असं ओरडणारी बँकवाली मुलगी 'बाबा' का म्हणत होती.

मी फोन कसाबसा परत मिळवला, विमान उतरवलं, आणि भाषण चालू असतानाच मुलीचा निरोप आला: 'झालं.' त्याच्यापुढे तिने एक नाचणारं अस्वल पाठवलं होतं. मी ते अस्वल बराच वेळ बघत बसलो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हेच ते, असल्या चित्रांतूनच व्हायरस येतात."

पुढचं थोडक्यात. इंग्रजीचा पेपर तिला बरा गेला. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही. नंतरच्या एका फेरीत लागलं. लाल विटा, हिरवळ, इतिहासाची ती बाई, सगळं मिळालं. आता ती घरी येऊन मला इतिहास सांगते, आणि मी जेवताना ऐकतो. माझी बोलण्याची पाळी येतच नाही.

मंडळाच्या वार्षिक अहवालात तिचा प्रवेश 'ताई-दादा योजनेचं यश' म्हणून छापून आला. खाली निवड समितीचे आभार, म्हणजे माझे. बी टॉवरवालीचा उल्लेख कशाला असेल? तिची तर आम्ही निवडच केली नव्हती. तिचं स्वतःचं काही बदललं नाही. ती अजून दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जो मिळाला तो विषय शिकायला जाते. तिच्या वाटेवरच्या खड्ड्यात दुसऱ्या कुणी पडू नये एवढंच तिला सांगता आलं, आणि ते तिने सांगितलं. तिला कुणी बसवून तसं सांगितलं नव्हतं. सांगणारं कोण होतं? आम्ही नारळ देत होतो.

प्रवेशाच्या दिवशी बायकोने डबाभर बेसनाचे लाडू करून मुलीबरोबर बी टॉवरला पाठवले. आठवडा झाला, डबा परत आला. रिकामा. शिवाय तळाला तूप आणि बेसन तसंच चिकटलेलं. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, आणि इथे धुवायचेसुद्धा कष्ट नाहीत! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एवढे दिवस त्या मुलीबद्दल वाईट बोलायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

"बघ," मी बायकोपुढे डबा धरला. "बघ तुझी ताई."

"बघितली," ती म्हणाली. "आता घासून ठेवा तो."